इम्प्रेशन : लेबल की शिलाई?

जुलै उजाडला की हॉस्टेलच्या गॅलरीतल्या दोऱ्यांचा रंग बदलतो. एरवी तिथे बर्म्युडा आणि बोहारणीनेही नाकारलेले टी-शर्ट वाळत असतात. आता पांढरे आणि आकाशी फॉर्मल शर्ट दिसायला लागतात. त्यात बदलापूरचा पाऊस! शर्ट तीन-तीन दिवस वाळत नाहीत, मग रात्री दोन वाजता इस्त्रीसाठी नंबर लागतात. अख्ख्या विंगमध्ये इस्त्री एक आणि टायही एकच. बाथरूमच्या आरशासमोर कोणीतरी 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं उत्तर घोकत असतो आणि ब्रश घेऊन बाहेर थांबलेल्यांचं ते त्याच्या आधी पाठ झालेलं असतं. मुलींच्या विंगमध्येही काही वेगळं नाही, फक्त टायच्या जागी फॉर्मल सँडल्स फिरतात. थोडक्यात काय, प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला!

मित्रमैत्रिणींनो, मी आत्ता थर्ड इयरला आहे. म्हणजे अजून माझी पाळी आलेली नाही, पण सीनियर्सची धावपळ बघून आणि कॉलेजने घेतलेली वर्कशॉप्स अटेंड करून 'इंटरव्ह्यूमध्ये इम्प्रेशन कसं पाडायचं' या विषयावर इतके सल्ले कानावर पडले आहेत की त्यावर एक पेपर ठेवला तर मी नक्की डिस्टिंक्शन काढीन. हसा, पण दात दाखवू नका. हात मिळवा, पण दाबू नका. डोळ्यांत बघा, पण रोखून बघू नका. इंग्रजी बोला, पण विचारही इंग्रजीतच करा (हे कसं करायचं ते कोणी सांगत नाही). या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट मला सारखी खटकते. आपल्याला इंजिनिअर म्हणून चार वर्षांत काय येतं, ते कसं सांगायचं, यावर फारसं कोणी बोलत नाही.

प्रत्येक सॉफ्ट स्किल्सच्या वर्कशॉपमध्ये एक स्लाइड असतेच असते. गोल आकृती, त्यात तीन रंग. शब्दांचा परिणाम ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के. खाली आश्वासन, की तुम्ही काय बोलता याला फक्त ७ टक्के किंमत आहे, बाकी ९३ टक्के तुम्ही कसे दिसता आणि कसे बोलता यावर! आकडे बघितले की आपण इंजिनिअर लोक लगेच मान डोलावतो. पण हे आकडे आले कुठून? अल्बर्ट मेहराबियन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली दोन प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात लोकांना सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही. म्हणजे प्रश्न होता भावनेचा, आवड-नावडीचा. त्यात ना इंटरव्ह्यू होता, ना नोकरी, ना एक अख्खं वाक्य. हे सूत्र फक्त भावना आणि आवड-नावड व्यक्त करण्यापुरतं आहे, असं खुद्द मेहराबियन यांनीच नंतर स्पष्ट केलेलं आहे. तरी ती स्लाइड काही जात नाही. शब्दांना खरंच ७ टक्केच किंमत असती तर कानात बोळे घालून नुसतं सरांकडे बघून आपल्याला कंट्रोल सिस्टिम्सचं ९३ टक्के लेक्चर समजायला हवं होतं. समजतं का? (कान उघडे ठेवूनही समजत नाही, ही गोष्ट वेगळी!)

याचा अर्थ पहिलं इम्प्रेशन वगैरे सगळं खोटं, असं मी म्हणत नाही. सुरुवातीच्या इकडच्या-तिकडच्या गप्पांमध्ये इंटरव्ह्यू घेणाऱ्याचं जे मत होतं, त्याचा शेवटच्या मार्कांशी चांगलाच संबंध असतो, असं अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या इंटरव्ह्यूंवर झालेल्या आणि २०१० साली छापलेल्या अभ्यासात दिसलं आहे. माणूस माणसाला बघूनच मत बनवणार. तेव्हा शर्ट स्वच्छ हवा, नखं कापलेली हवीत, वेळेत पोचायला हवं, आत गेल्यावर नमस्कार करायला हवा. हे करायलाच हवं, कारण ते आपल्या हातात आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पण या बाबतीत बदलापूरकरांची परीक्षा इंटरव्ह्यूच्या आधीच सुरू होते. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर साधारण ६८ किलोमीटर. दहाचा इंटरव्ह्यू अंधेरीला असेल तर दादरला उतरून वेस्टर्नला जा, ऐरोली-महापेला असेल तर ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर पकडा. सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये चढल्यावर इस्त्रीचं काय होतं, ते मी सांगायला नको. म्हणून आमच्या सीनियर्सनी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक मंत्र दिला आहे. शर्ट घालून जाऊ नका, घेऊन जा! साधा टी-शर्ट घालून गाडीत चढायचं, इस्त्रीचा शर्ट घडी करून पुठ्ठ्याबरोबर पिशवीत ठेवायचा, तिथे पोचल्यावर बदलायचा. सर्टिफिकेट्स आणि झेरॉक्सचा सेट प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. पावसाचे दिवस असतील तर दोन गाड्या आधीची गाडी पकडायची. शक्य असेल तर आदल्या रात्रीच दादर-ठाण्याकडच्या एखाद्या मावशीकडे मुक्काम ठोकायचा. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना तिथून सोडवून आणावं लागलं होतं. आपल्याकडे पाऊस काय करू शकतो हे पॅनेलला माहीत असेलच असं नाही, आपल्याला मात्र माहीत असलंच पाहिजे. आणि उशीर होणारच असेल तर आधी फोन करून सांगा. न सांगता उशिरा पोचून गाडीला शिव्या देण्यापेक्षा तो एक फोन बरा.

इथपर्यंत सगळं ठीक. भांडण आहे ते याच्या पुढच्या गोष्टीवर.

आपल्या दोन-तीन स्टेशनं अलीकडे उल्हासनगर आहे. फाळणीनंतर सिंधमधून सगळं सोडून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत राहिली आणि १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. तिथल्या मालाबद्दलची एक जुनी गंमत मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. वस्तूवर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असायचं आणि यूएसए म्हणजे काय, तर उल्हासनगर सिंधी असोसिएशन! लोक हसतात आणि पुढे जातात. मला मात्र या गमतीची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. नुसत्या लेबलवर गिऱ्हाईक एकदाच फसतं. ते शहर उभं राहिलं ते लेबलमुळे नाही. रिकाम्या हाताने आलेल्या माणसांनी काम शिकून घेतलं, कष्ट केले, आणि उल्हासनगरची जीन्स आजही लोक घेतात ती परवडते आणि टिकते म्हणून. लेबल पहिल्या नजरेपुरतं, शिलाई मात्र धुतल्यावर कळते.

आपल्या इंटरव्ह्यूच्या तयारीत आपण सध्या लेबलं शिवतोय, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक उदाहरण देते. माझी रूममेट इलेक्ट्रिकललाच आहे, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली. शाळा गावातली, मराठी मीडियम. तिच्या बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. मागच्या सेममध्ये बाहेरून आलेल्या एका ट्रेनरने आमचे मॉक इंटरव्ह्यू घेतले. तिला विचारलं, "टेल मी अबाउट युवरसेल्फ." तिने इंटरनेटवरून पाठ केलेलं उत्तर म्हणायला सुरुवात केली. आय अ‍ॅम हार्डवर्किंग, आय अ‍ॅम पंक्च्युअल, माय वीकनेस इज आय अ‍ॅम परफेक्शनिस्ट... मध्ये एक शब्द अडला आणि सगळीच गाडी सायडिंगला गेली. कम्युनिकेशनला दहापैकी चार. मला मिळाले नऊ. मी काय सांगितलं होतं? माझ्या हॉबीज, माझा टीमवर्कवरचा विश्वास आणि एक विनोद. इलेक्ट्रिकलचा एकही शब्द त्यात नव्हता आणि तो कोणी विचारलाही नाही. मी कॉन्व्हेंटची. केजीपासून इंग्रजी कानावर पडलं ते तोंडात बसलं. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, आईबाबांनी फी भरली एवढंच. मग ते नऊ मार्क नक्की कोणाचे? माझे की माझ्या शाळेचे?

त्या रात्री रूमवर ती सांगत होती, अर्थातच मराठीत. विहिरीवरची मोटर जळून दुकानात आली की बाबा आधी उघडून बघतात. स्टार जोडणीची मोटर असेल आणि तीनपैकी दोन फेजचं वाइंडिंग काळं झालं असेल, तिसरं मात्र चांगलं असेल, तर समजायचं की एक फेज गेला होता आणि मोटर उरलेल्या दोनांवर ओढत राहिली. करंट वाढला, तापली, जळाली. अशा वेळी नुसतं रिवाइंडिंग करून दिलं तर महिनाभरात ती परत येते. म्हणून बाबा शेतावर जाऊन स्टार्टर बघतात. बहुतेक वेळा ओव्हरलोड रिलेला कोणीतरी वायर टाकून बायपास केलेलं असतं, कारण तो 'सारखा ट्रिप होतो' म्हणून! बंद मोटर चालू करताना फेज नसेल तर ती फिरत नाही, नुसती घुमते. तो आवाज ती बारा वर्षांची असल्यापासून ओळखते.

मी ऐकतच राहिले. सिंगल फेजिंग आम्ही दोघींनी एकाच पुस्तकातून वाचलं होतं. मला त्यावर अर्धं पान लिहिता आलं असतं, तिला मोटरच्या आवाजावरून ते ओळखता येत होतं. आणि मार्क चारला नऊ!

मग आम्ही एक उद्योग केला. तिने जे मराठीत सांगितलं ते तसंच्या तसं, छोट्या-छोट्या इंग्रजी वाक्यांत बसवलं. "वन फेज वॉज मिसिंग. द मोटर वॉज हमिंग बट नॉट स्टार्टिंग. टू फेजेस वेअर ब्लॅक, वन वॉज ओके. सो वुई चेक्ड द स्टार्टर." बास! ना डायनॅमिक, ना गोल-ओरिएंटेड. ग्रामरची भीती गेली, कारण वाक्य चार-पाच शब्दांचंच. आणि पाठ करायची गरजच उरली नाही, कारण ते तिचं स्वतःचं होतं. मागच्या महिन्यात ती अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूला गेली. तिथल्या मेंटेनन्सच्या साहेबांनी त्या मोटरवरच तिला दहा मिनिटं पकडून ठेवलं, निम्मं बोलणं हिंदीत झालं. निकाल हा अंक छापायला जाईपर्यंत आलेला नाही. पण ती परत आली तेव्हा रडत नव्हती, 'मला आणखी दोन प्रश्न विचारायला हवे होते' म्हणत होती. हा फरक मला निकालाइतकाच मोठा वाटतो.

ही काही आमच्या रूमपुरती गोष्ट नाही. 'अग्निपंख' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलंय. डॉ. अब्दुल कलाम इंजिनिअर झाल्यावर १९५८ साली डेहराडूनला एअर फोर्सच्या निवड मंडळासमोर गेले. तिथे ज्ञानापेक्षा व्यक्तिमत्त्वावर, रुबाबावर जास्त भर होता असं त्यांना जाणवलं. पंचवीस जणांतून आठ घ्यायचे होते, कलाम नववे आले. पुढे काही वर्षांनी मुंबईत त्यांचा आणखी एक इंटरव्ह्यू झाला. समोर होते डॉ. विक्रम साराभाई आणि प्रा. एम. जी. के. मेनन. त्या प्रश्नांचा रोख 'तुला काय येत नाही' याकडे नव्हता, 'तुझ्या हातून काय होऊ शकेल' याकडे होता. दुसऱ्या दिवशी निवड झाल्याचं कळलं आणि पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. माणूस तोच, पण एका पॅनेलने वरचं बघितलं आणि दुसऱ्याने आतलं.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली, पुण्यातली आणि हॉस्टेलवाल्यांची! १९७४ साली सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकत होत्या. टेल्कोची जाहिरात नोटीस बोर्डावर लागली, तिच्यात मुलींनी अर्ज करू नये असं लिहिलेलं. त्यांनी सरळ जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. उलट तार आली की पुण्याला इंटरव्ह्यूला या, येण्या-जाण्याचा खर्च कंपनीचा. हॉस्टेलच्या मैत्रिणींनी काय करावं? पुण्याच्या साड्या आणायला प्रत्येकीने ३० रुपये काढून दिले! पिंपरीच्या ऑफिसात सहा जणांचं पॅनेल होतं. नोकरी मिळणारच नाही असं मनाशी धरल्यामुळे त्यांची भीती गेली होती. हा इंटरव्ह्यू टेक्निकलच असेल अशी आशा आहे, असं त्यांनीच पॅनेलला सांगितलं. टेक्निकल प्रश्न आले आणि सगळ्यांची उत्तरं त्यांनी दिली. मग एका वयस्कर गृहस्थांनी शांतपणे समजावलं की आमच्या शॉपफ्लोअरवर आजवर मुलगी घेतलेली नाही, तुझ्यासारख्या हुशार मुलीने रिसर्चकडे जावं. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की कुठूनतरी सुरुवात केल्याशिवाय कधीच कोणी येणार नाही. नोकरी मिळाली.  या इंटरव्ह्यूत इम्प्रेशन कशाचं पडलं, हे वेगळं सांगायला नको.

कोणी म्हणेल, ही मोठी माणसं, आपलं काय? मान्य. म्हणून थोडं व्यवहाराचं बोलू. इंटरव्ह्यू घेणारे नुसत्या गप्पा मारून माणूस निवडतात तेव्हा अंदाज बरेचदा चुकतात. सगळ्यांना कामाशी संबंधित तेच प्रश्न विचारले आणि मार्क कशाला द्यायचे हे आधी ठरवलं, तर निवड बरीच चांगली होते. या विषयावरच्या जुन्या संशोधनाची फेरतपासणी २०२२ साली झाली, त्यातही असे आखीव इंटरव्ह्यू सगळ्यात वर आले. अशा इंटरव्ह्यूत 'तुमचा वीकनेस काय' यापेक्षा 'एखादी गोष्ट बिघडली तेव्हा तुम्ही काय केलं' हा प्रश्न येतो. त्याला पाठांतर पुरत नाही. इथेच रेडीमेड प्रोजेक्टवाल्यांची पंचाईत होते! पहिला प्रश्न 'प्रोजेक्ट काय' हा निभतो. दुसरा 'हा कंपोनंट का वापरला' हाही रेटून नेता येतो. तिसरा 'पहिल्यांदा चालू केला तेव्हा काय झालं' हा आला की घाम फुटतो, कारण विकत आणलेला प्रोजेक्ट पहिल्यांदाच चालतो. खरा प्रोजेक्ट कधीच पहिल्यांदा चालत नाही.

आता इंग्रजीबद्दल. इंग्रजी लागतं, यात वाद नाही. मॅन्युअल्स इंग्रजीत, डेटाशीट इंग्रजीत, क्लाएंटचा मेल इंग्रजीत. ते शिकायलाच हवं आणि शिकता येतं. पण इंग्रजी येणं म्हणजे हुशारी आणि अडखळणं म्हणजे मठ्ठपणा, हे समीकरण चुकीचं आहे. यूपीएससीचा सिव्हिल सर्व्हिसेसचा इंटरव्ह्यू, २०२५ पैकी २७५ मार्कांचा, मराठीतून देता येतो. देशाचा कारभार कोणाकडे सोपवायचा ते मराठीत ठरू शकतं, आणि पंप कोण दुरुस्त करील हे मात्र अ‍ॅक्सेंटवरून ठरवायचं?

म्हणून आपल्या सर आणि मॅडमना (आणि टीपीओ सरांना खास) तीन विनंत्या आहेत. एक, मॉक इंटरव्ह्यू बाहेरच्या ट्रेनरबरोबरच आपल्या डिपार्टमेंटच्या शिक्षकांनी आणि लॅब असिस्टंट काकांनीही घ्यावेत. कोणी पॅनेलवर खरंच वायरिंग केलंय आणि कोणी जर्नल उतरवून काढलंय, हे काकांइतकं कोणाला माहीत आहे? दोन, पहिली फेरी मराठीत किंवा हिंदीत घ्यावी. त्यात मुद्दा पक्का झाला की दुसरी इंग्रजीत. आधी सांगण्यासारखं काहीतरी सापडू दे, मग भाषा शिकवा. तीन, सगळ्यांना तेच पाच प्रश्न विचारा आणि मार्क कशाचे ते बोर्डावर आधी लिहा. म्हणजे विनोद सांगून नऊ मिळवणाऱ्या माझ्यासारख्यांचीही पंचाईत होईल, आणि ती व्हायलाच हवी.

आणि मित्रांनो, आपण काय करायचं? आज रात्री मेसमधून आल्यावर एक कागद घ्या. चार वर्षांत किंवा घरी, शेतात, दुकानात तुम्ही स्वतःच्या हाताने केलेली, बिघडलेली आणि परत उभी केलेली एक गोष्ट लिहा. आधी आपल्या भाषेत लिहा, मग सोप्या इंग्रजीत. मग ती रूममेटला सांगा आणि त्याला म्हणा, आता तू 'का' म्हणून विचारत जा. पाच वेळा 'का' विचारल्यावरही तुमच्याकडे उत्तर असेल, तर निम्मी तयारी झाली. पाचव्याच्या आधी अडलात तरी बिघडत नाही. लॅब सकाळी नऊला उघडते.

बाकी शर्टाला इस्त्री कराच. आमच्या विंगची इस्त्री सध्या चालू आहे. तिची वायर कोणी बदलली हे ओळखायला बक्षीस नाही!

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल